दोनशे चाळीस दुकानं, आठ क्यू: वाचकांचे प्रश्न

सोलापूर आणि आसपासच्या वाचकांच्या पत्रांत या वेळी एकच विषय फिरून फिरून आला: ग्राहक शेकड्यांनी, मेसेज क्यू (कामाचे मेसेज ओळीने थांबतात त्या रांगा) मोजक्या, मग कुणाचा मेसेज कुठल्या क्यूत टाकायचा हे ठरवायचं कसं? म्हणून ते प्रश्न एकत्र घेतले आहेत. पत्रं मुद्द्यापुरती कापली आहेत.

प्रश्न: नवी पेठ आणि परिसरातल्या २४० दुकानांना आम्ही बिलिंगचं सॉफ्टवेअर देतो. बिल झालं की गिऱ्हाइकाला मेसेज जातो, हिशेबात नोंद पडते, साठा कमी होतो. ही सगळी कामं रॅबिटएमक्यू या क्यू सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरमधून होतात. दर दुकानाला स्वतंत्र क्यू आणि स्वतंत्र वर्कर (क्यूतले मेसेज उचलून काम उरकणारा प्रोग्राम) ठेवला आहे. बहुतेक वर्कर दिवसभर रिकामे असतात आणि सर्व्हरची मेमरी मात्र भरलेली. आठ सामायिक क्यू केल्या तर चालेल का? एका दुकानाची बिलं क्रमानेच जायला हवीत.
— एक वाचक, विजापूर रोड

उत्तर: चालेल. क्रम हवा आहे म्हणूनच इथे हॅश, म्हणजे एकाच मजकुरापासून दरवेळी तोच आकडा काढणारं सूत्र, लागतो. मेसेज आळीपाळीने आठ क्यूंत टाकले तर काम समसमान वाटलं जाईल, पण एकाच दुकानाचं बिल तिसऱ्या क्यूत आणि त्याच बिलाचं रद्दीकरण चौथ्या क्यूत जाईल. चौथी मोकळी असली की रद्दीकरण आधी उरकेल आणि नसलेलं बिल रद्द करायला निघाल्याची चूक लॉगमध्ये दिसेल. दुकानाच्या क्रमांकाचा हॅश काढला की त्या दुकानाचा प्रत्येक मेसेज एकाच क्यूत पडतो, आणि क्यूतला क्रम टिकतो.

एक उदाहरण हाताने करून बघा. ग्राहक क्रमांक म्हणून एक ते नऊ हे अंक इंग्रजी आकड्यांत सलग लिहा आणि त्याचा सीआरसी३२ (हॅशचा एक प्रकार) काढा. उत्तर ३४२१७८०२६२ यायला हवं. त्याला ८ ने भागलं की बाकी ६, म्हणजे हा ग्राहक सहा क्रमांकाच्या क्यूत (मोजणी शून्यापासून). सीआरसी मुळात चुका ओळखण्यासाठी आहे, सुरक्षेसाठी नव्हे. पण आपल्याला इथे फक्त विखुरण हवी आहे, तेवढं काम तो चोख करतो.

मात्र थेट ८ ने भागू नका. आधी १०२४ ने भागा, येणाऱ्या बाकीला स्लॉट म्हणा, आणि कुठला स्लॉट कुठल्या क्यूत याचा तक्ता डेटाबेसमध्ये ठेवा. वरच्या उदाहरणात स्लॉट २९४ येतो. सुरुवातीला तक्ता भरताना स्लॉटला ८ ने भागून येईल त्या बाकीची क्यू द्या, २९४ परत सहाव्याच क्यूत जाईल. आज फरक काहीच दिसणार नाही, पण उद्या क्यू वाढवायची वेळ आली किंवा एखादं दुकान हलवायचं झालं तर सूत्राला हात न लावता तक्त्यातल्या तेवढ्या ओळी बदलता येतात (हलवताना क्रम कसा सांभाळायचा ते पुढे पंढरपूरच्या उत्तरात). हजार ओळींचा तक्ता प्रत्येक प्रोग्रामच्या मेमरीत सहज मावतो.

क्यू आठच का, याचा हिशेब आधी करा. एका मेसेजला ५० मिलिसेकंद लागत असतील तर एक वर्कर सेकंदाला २० मेसेज उरकतो. संध्याकाळच्या गर्दीत सेकंदाला ९० येत असतील तर साडेचार वर्कर पूर्ण वेळ लागतील. पण वर्कर शंभर टक्के गुंतवला की रांग वाढतच जाते. साठ टक्क्यांवर ठेवायचं म्हटलं तर ४.५ भागिले ०.६, म्हणजे साडेसात. आठ ठीक आहेत. तुमचे आकडे वेगळे असतील तर त्यानुसार मांडा.

क्यूमागे एकावेळी एकच वर्कर काम करायला हवा. दोन लावले की क्रम गेलाच. एक बंद पडला तर दुसऱ्याने जागा घ्यावी यासाठी रॅबिटएमक्यूच्या ३.८ आवृत्तीपासून ‘सिंगल ॲक्टिव्ह कन्झ्युमर’ ही सोय आहे. क्यू तयार करतानाच ती लावावी लागते. सोबत प्रीफेच (वर्करने एकावेळी उचलायच्या मेसेजची संख्या) १ ठेवा. प्रीफेच जास्त असेल आणि एक मेसेज अपयशी होऊन क्यूत परतला, तर वर्करने आधीच उचललेले पुढचे मेसेज त्याच्या आधी उरकतात. वेग थोडा घटतो, पण बिलाच्या क्रमासाठी तेवढी किंमत मोजावी.

२४० दुकानं आठ क्यूंत म्हणजे सरासरी ३०. पण हॅश तराजू घेऊन बसलेला नसतो. एखाद्या क्यूत २२ आणि एखाद्यात ३८ दिसली तर ते साहजिक आहे. ५५ दिसली तर कुठेतरी चूक आहे, बहुधा क्रमांकाच्या मांडणीत. आणि ग्राहक बाराच असते तर हॅशच्या फंदात पडू नका असं म्हटलं असतं: आठ क्यूंपैकी सरासरी दीडेक रिकामी राहते. बारा ग्राहक माणसाने बसून वाटावेत.

रॅबिटएमक्यूमध्ये कन्सिस्टंट हॅश एक्स्चेंजचं प्लगइन आहे, ते ही वाटणी आपोआप करतं. ते वापरताना एक चूक हटकून होते: क्यू जोडताना राउटिंग कीच्या जागी लोक ग्राहकाचं नाव लिहितात. तिथे क्यूचं वजन, म्हणजे १ किंवा १० असा आकडा, लिहायचा असतो. प्लगइन चांगलं आहे, पण इतक्या लहान पसाऱ्यात आम्ही स्वतःचा तक्ताच पसंत करू. रात्री दोन वाजता अडचण आली तर तक्ता उघडून वाचता येतो.

प्रश्न: हॅश वगैरे कशाला? मोबाइल नंबरचा शेवटचा अंक घेतला किंवा जीएसटी क्रमांक वापरला तर?
— एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर: शेवटचा अंक ० ते ९. आठ क्यूंत बाकी काढली की ० आणि ८ एकाच क्यूत, १ आणि ९ एकाच क्यूत, उरलेल्या सहांना एकेक अंक. म्हणजे पहिल्या दोन क्यूंवर बाकीच्यांच्या दुप्पट ग्राहक, तेही कायमचे.

जीएसटी क्रमांक १५ अक्षरांचा. पहिली दोन राज्याची, महाराष्ट्राला २७. पुढची दहा पॅनची, आणि चौदाव्या जागी सहसा झेड असतो. यातला कुठलाही तुकडा उचललात की फसलात: पहिले दोन अंक घेतले तर सोलापूरचे सगळे ग्राहक एका क्यूत जाऊन बसतील. पूर्ण क्रमांकाचा हॅश चालेल, पण नोंदणी रद्द होऊन नवी झाली की क्रमांक बदलतो आणि ग्राहक गुपचूप दुसऱ्या क्यूत जातो. तुमच्याच डेटाबेसने दिलेला, कधीही न बदलणारा क्रमांक घ्या. तोही हॅश करूनच. नुसत्या क्रमांकाची बाकी काढली आणि क्रमांक दोन-दोनच्या टप्प्याने दिले जात असले (दोन डेटाबेस जोडीने चालवताना असं करतात), तर एका डेटाबेसने क्रमांक दिलेले सगळे ग्राहक नुसत्या सम किंवा नुसत्या विषम क्यूंत आणि उरलेल्या क्यू ओस.

प्रश्न: अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेल आणि चादर कारखान्यांत मागांवर मोजणीयंत्रं बसवली आहेत. दर मिनिटाला प्रत्येक मागाची नोंद आमच्याकडे येते. कारखान्याच्या क्रमांकावर हॅश करून आठ क्यूंत वाटतो. तीन मोठे कारखाने आहेत, त्यांतले दोन एकाच क्यूत आले. भारनियमनानंतर वीज आली की त्या क्यूतल्या छोट्या कारखानदारांचा डॅशबोर्ड दहा-दहा मिनिटं मागे पडतो. हॅश बदलावा का?
— एक वाचक, एमआयडीसी परिसर

उत्तर: हॅश बदलून उपयोग नाही. कुठलाही चांगला हॅश ग्राहक वाटतो, ग्राहकांनी आणलेलं काम वाटत नाही. तीन मोठे आठ क्यूंत टाकले की त्यांतले किमान दोन एकत्र येण्याची शक्यता चौतीस टक्के असते. पहिला कुठेही बसो, दुसरा वेगळीकडे जाण्याची शक्यता आठात सात, तिसऱ्याची आठात सहा. गुणाकार ६४ मध्ये ४२, उरलेले २२ वेळा टक्कर. नवीन हॅश घेतलात तरी तीनातून एकदा हेच होणार, आणि सगळे ग्राहक हलतील ते वेगळंच.

आता दहा मिनिटं कुठून आली ते बघू. समजा मोठ्या कारखान्यात ९६ माग आहेत, दोन तास नेट बंद होतं आणि गेटवेने (मागांच्या नोंदी गोळा करून पाठवणाऱ्या यंत्राने) बॅटरीवर नोंदी साठवून ठेवल्या. ९६ गुणिले १२० मिनिटं, म्हणजे ११,५२० मेसेज. गेटवे जोडला गेला की हे सगळे एका दमात क्यूत येतात. वर्कर सेकंदाला २० उरकत असेल तर ५७६ सेकंद, साडेनऊ मिनिटं. मागे उभा असलेला बारा मागांचा कारखानदार तेवढा वेळ ताटकळतो. दोन मोठे एकत्र आले तर दुप्पट.

पहिला उपाय पाच मिनिटांचा: तक्ता असेल तर एका मोठ्या कारखान्याला अपवाद म्हणून दुसऱ्या क्यूत बांधून टाका. ‘हे ग्राहक हॅशने नव्हे, हाताने’ अशी छोटी यादी हॅशच्या आधी तपासायची. दहा-वीस नावांपुरतीच ठेवा. यादी शंभरावर गेली की ती कुणालाच कळेनाशी होते.

दुसरा उपाय जास्त मुळाशी जातो. क्रम नेमका कशाचा हवा आहे? कारखान्याचा नाही, मागाचा. माग क्र. १७ ची १०:०५ ची नोंद १०:०४ च्या नोंदीनंतर यावी एवढंच. मग हॅशची किल्ली कारखाना क्रमांक अधिक माग क्रमांक अशी करा. ९६ माग आठ क्यूंत सरासरी बारा-बारा पसरतील, प्रत्येक क्यूवर १,४४० मेसेज, आणि साडेनऊ मिनिटांचं काम ७२ सेकंदांत होईल. मात्र आधी फक्त एका क्यूतले शेजारी अडकायचे, आता सगळेच ७२ सेकंद अडकतील. हा सौदा बहुतेकांना परवडतो. तुमच्याकडे सेकंदात अलार्म द्यायची जबाबदारी असेल तर परवडणार नाही.

तसं असेल तर जुन्या नोंदींची क्यूच वेगळी करा. नोंदीत मागाची वेळ आणि एकूण फेरे (त्या मिनिटाचे नव्हेत, सुरुवातीपासूनचे) असतील तर क्रमाची गरजच उरत नाही. उशिरा आलेली नोंद आपल्या वेळेच्या जागी जाऊन बसते. गेटवेमध्ये एवढंच लिहायचं: दोन मिनिटांहून जुनी नोंद ‘थकीत’ क्यूत, ताजी नेहमीच्या क्यूत. थकीत क्यूला सावकाश चालणारा एक वर्कर पुरे.

एक सल्ला न विचारता देतो: आलेख क्यूच्या लांबीचा न काढता सर्वांत जुना मेसेज किती वेळ थांबला आहे याचा काढा, आणि क्यूप्रमाणे वेगवेगळा. आठ क्यूंची सरासरी तीन सेकंद दिसते तेव्हा एक क्यू वीस सेकंदांवर असू शकते.

प्रश्न: वेबसाइट पीएचपीत, वर्कर पायथनमध्ये, आणि जुना एक भाग जावात आहे. तिघंही ‘हॅश’ काढतात, पण एकच ग्राहक तीन ठिकाणी जातो. काही ग्राहकांचा क्रमांक म्हणून संस्थेचं मराठी नावच वापरलं आहे.
— एक विद्यार्थी वाचक

उत्तर: भाषेत आयता मिळणारा हॅश या कामाला वापरायचाच नाही. पायथनचा मजकुराचा हॅश ३.३ आवृत्तीपासून प्रोग्राम सुरू होताना दरवेळी वेगळं बीज (सुरुवातीचा आकडा) घेतो. कालचा आणि आजचा आकडा जुळत नाही, शेजारच्या प्रोग्रामशी तर नाहीच. जावाचा हॅशकोड स्थिर आहे, पण उणे येऊ शकतो आणि उण्याची बाकी जावात उणेच राहते. त्यावर ॲबसोल्यूटची (उणे चिन्ह काढून टाकण्याची) मलमपट्टी करतात, पण सर्वांत लहान पूर्णांकाला, उणे २१४७४८३६४८ ला, धन जोडीदारच नाही. तो उणेच राहतो. क्यू आठ असतील तर बाकी शून्य येऊन हे झाकलं जातं, पण बारा असतील तर एका ग्राहकाचा मेसेज ‘उणे’ क्यूत गेल्याची तक्रार दोन वर्षांनी येते ती अशी. बाकी काढायला जावाचं फ्लोअरमॉड वापरा, त्यात बाकी उणे येत नाही.

तिन्हीकडे सीआरसी३२ ठेवा आणि वरची खूण तिन्हीकडे तपासा: ३४२१७८०२६२. जर उणे ८७३१८७०३४ आलं तर घाबरू नका, तीच बत्तीस बिटं चिन्हासकट वाचली गेली आहेत. ती चिन्हाविना वाचून मगच बाकी काढा, नाहीतर जावात सहाच्या जागी उणे दोन हाती येईल.

आता मराठी नाव. हॅश अक्षरं बघत नाही, बाइट बघतो. एकीकडे यूटीएफ-८ आणि दुसरीकडे यूटीएफ-१६ (अक्षरं बाइटांत मांडायच्या दोन पद्धती) असेल तर आकडे जुळणारच नाहीत. त्याहून पक्का सापळा ‘शेतकऱ्यांची’ या शब्दात आहे. यातला ‘ऱ’ एकसंध अक्षर म्हणूनही टाइप होतो आणि ‘र’ अधिक नुक्ता असाही. हे दोन युनिकोडच्या एनएफसी सामान्यीकरणाने एक होतात. पण काही कीबोर्डवर तोच आकार साध्या ‘र’, हलन्त आणि न दिसणाऱ्या झिरो विड्थ जॉइनरने येतो. पडद्यावर हुबेहूब, बाइट वेगळे, आणि एनएफसी त्यांना एक करत नाही. तीच गत आकड्यांची: देवनागरी ४२ आणि इंग्रजी ४२ हॅशच्या लेखी दोन ग्राहक. ‘४२’ आणि ‘००४२’ सुद्धा. नाव किल्ली म्हणून काढून टाका आणि संख्या द्या.

काफ्का (मेसेज वाहून नेणारी दुसरी एक यंत्रणा) वापरणाऱ्यांसाठी जाता जाता: जावाचा क्लायंट किल्लीवर मर्मर२ हा हॅश लावतो, तर पीएचपी-पायथनचे अनेक क्लायंट ज्यावर उभे आहेत ती लिबआरडीकाफ्का ठरवून न सांगितल्यास सीआरसी३२ लावते. एकाच टॉपिकमध्ये दोघं लिहित असतील तर लिबआरडीकाफ्काची पार्टिशनर सेटिंग मर्मर२-रँडम करा.

प्रश्न: पंढरपुरातल्या लॉजचं बुकिंग आमच्या सॉफ्टवेअरवर चालतं. आषाढीआधी आठाच्या बारा क्यू केल्या. त्या रात्री ‘बुकिंग रद्द’चे मेसेज ‘बुकिंग झाले’च्या आधी गेले. आम्ही नुसती बाकी काढत होतो, तक्ता नव्हता. पुढच्या वेळी काय करावं?
— एक वाचक, पंढरपूर

उत्तर: आठाने भागून आणि बाराने भागून बाकी तीच राहते अशा आकड्यांचं प्रमाण तीनात एक. म्हणजे एका फटक्यात दोन तृतीयांश लॉज हलले. आपला ३४२१७८०२६२ घ्या: आठाने बाकी ६, बाराने २. बुकिंग सहाव्या क्यूत गर्दीत उभं होतं, रद्दीकरण दोन क्रमांकाच्या क्यूत मोकळ्या रस्त्याने गेलं. आठाच्या नऊ केल्या असत्या तर नवातले आठ हलले असते. सोळा केल्या असत्या तर निम्मेच, आणि तेही ओळीने: सहाव्यातले एकतर सहाव्यात राहतात नाहीतर चौदाव्यात जातात. तक्ता नसेल तर निदान दुप्पट करावं.

तक्ता असेल तर जुन्या प्रत्येक क्यूतून ४२-४३ स्लॉट काढून चार नव्यांना द्यायचे. १०२४ मधले सुमारे ३४० हलतात आणि बाकीच्यांना धक्का लागत नाही. कन्सिस्टंट हॅशिंग, डेव्हिड कार्गर आणि सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये मांडलेलं, हेच प्रमाण तक्त्याविना साधतं. पण तिथेही तेवढे ग्राहक हलतातच. ‘कन्सिस्टंट’ नाव आहे म्हणून क्रम बिघडणार नाही असं समजू नका.

क्रम सांभाळायचा तो हलवताना. स्लॉट एकेक करून किंवा दहा-दहाच्या गटाने हलवा. तक्त्यात त्या स्लॉटपुढे ‘हलतोय’ लिहा आणि तक्त्याची आवृत्ती एकाने वाढवा. मेसेज टाकणारा प्रत्येक प्रोग्राम नवी आवृत्ती वाचून पोच देईल, आणि तेव्हापासून त्या स्लॉटचे मेसेज क्यूत न टाकता डेटाबेसमधल्या एका टेबलात अनुक्रमाने ठेवेल. सगळ्यांची पोच आली आणि आधी टाकलेल्या मेसेजची ब्रोकरकडून (क्यू सांभाळणाऱ्या सर्व्हरकडून) खात्री मिळाली, की जुन्या क्यूच्या शेपटाला एक खुणेचा मेसेज टाका: ‘स्लॉट २९४ संपला’. वर्करला खूण भेटली म्हणजे त्या स्लॉटचं मागचं सगळं उरकलं. मग तक्त्यात नवी क्यू लिहा, टेबलात थांबवलेले मेसेज क्रमाने तिथे सोडा, आणि ते संपल्यावरच प्रोग्रामना थेट टाकायची मुभा द्या.

बिघडतं ते पोच घेण्याच्या टप्प्यावर. सहा प्रोग्रामपैकी पाचांनी पोच दिली, सहावा जुना तक्ता मेमरीत धरून बसला, आणि कुणीतरी ‘होईल की’ म्हणत खूण टाकली. सहाव्याचा मेसेज खुणेच्या मागे पडतो आणि नव्या क्यूतल्या मेसेजशी शर्यत लावतो. पोच न देणारा प्रोग्राम बंद करा, पण खूण घाईने टाकू नका.

शिवाय प्रत्येक बुकिंगच्या मेसेजना १, २, ३ असा अनुक्रम द्या. वर्करने शेवटचा उरकलेला अनुक्रम लक्षात ठेवायचा: तेवढाच किंवा जुना आला तर टाकून द्यायचा (क्यू एकच मेसेज दोनदा देऊ शकते), आणि मधला गायब असेल तर थोडं थांबायचं. हे असतं तर त्या रात्री मेसेज उशिरा गेले असते, उलटे नाही. आणि हे काम एकादशीच्या आठवड्यात काढायचं नाही, वैशाखात उरकायचं.

प्रश्न: रेडिस क्लस्टरमध्ये (अनेक सर्व्हरवर वाटलेल्या रेडिस डेटाबेसमध्ये) स्लॉट १६,३८४ च का? आम्हीही तेवढे घ्यावेत का?
— एक वाचक, होटगी रोड

उत्तर: तिथे नोड, म्हणजे क्लस्टरमधले सर्व्हर, एकमेकांना सतत निरोप पाठवतात आणि आपल्याकडे कुठले स्लॉट आहेत ते दर स्लॉटला एक बिट असं त्या निरोपातच सांगतात. १६,३८४ बिटं म्हणजे २ किलोबाइट. ६५,५३६ घेतले असते तर ८ किलोबाइट झाले असते, आणि क्लस्टर साधारण हजार मुख्य नोडपलीकडे जाणार नाही असं धरलेलं असल्याने एवढ्यांची गरजही नव्हती. तुमच्या क्यू पन्नासच्या आत असतील तर १०२४ भरपूर आहेत. आकडा मात्र पहिल्याच दिवशी पक्का करा, कारण क्यू कितीही बदलता येतात, स्लॉटची संख्या बदलली की पुन्हा सगळे ग्राहक हलतात. रेडिस स्लॉटसाठी सीआरसी१६ वापरतं. एक ते नऊ अंकांच्या त्याच खुणेवर तिथे १२७३९ यायला हवं.